वर्गातली सूचना सर्वांना वाचता येते काय?



शाळेत सूचनावही फिरते, हे दृश्य तुमच्या परिचयाचे असेल. तास चालू असतो, शिपाईमामा दारात येऊन उभे राहतात, गुरुजी किंवा बाई वही हातात घेतात आणि मोठ्याने वाचतात, “उद्या शाळा सकाळी साडेसात वाजता भरेल.” सगळा वर्ग ऐकतो. वर्गात एखादा दृष्टिहीन विद्यार्थी असेल, तर त्यालाही ती सूचना इतरांइतकीच आणि इतरांबरोबरच कळते. त्यासाठी कोणाला वेगळे काही करावे लागत नाही.

आता पुष्कळ शाळांतून ही वही मागे पडत चालली आहे. सूचना कागदावर लिहायची, तिचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो वर्गाच्या गटात पाठवून द्यायचा, की झाले काम! काम झटपट होते यात शंका नाही. पण तोच फोटो त्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनवर जातो, तेव्हा काय होते? त्याचा फोन बोलणारा असतो. तो बोलतो, “फोटो”. बस्स, एवढेच. शाळा सकाळी आहे की दुपारी, परीक्षा सोमवारी आहे की मंगळवारी, हे विचारायला त्याला कोणाची तरी वाट पाहत बसावे लागते.

म्हणजे साधन सुधारले आणि एक मुलगा मात्र होता त्याच्याही मागे गेला! याला जबाबदार कोण? यंत्र की आपण? माझे स्पष्ट मत असे आहे, की यात यंत्राचा दोष थोडा आणि आपल्या सवयींचा दोष मोठा आहे. हे मत तुम्हांला पटावे म्हणून आधी ही यंत्रे काम कशी करतात ते पाहू. मत नंतर तपासून घ्या.

फोन बोलतो कसा?

पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर, म्हणजे पडदावाचक, असे म्हणतात. अँड्रॉइड फोनवरील टॉकबॅक आणि आयफोनवरील व्हॉइसओव्हर हे दोन्ही पडदावाचक 2009 साली आले. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचा पडदावाचक आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 2006 साली तो लिहावयास घेतला. पुढे जेम्स तेह हा त्याचा मित्र त्याला येऊन मिळाला. तोही दृष्टिहीनच. तोवर असे प्रोग्राम बहुधा फार महाग असत. या दोघांनी आपला प्रोग्राम सर्वांना विनामूल्य दिला. मराठी मजकूर वाचणारे आवाजही आज उपलब्ध आहेत.

पुष्कळांची अशी समजूत असते, की हा प्रोग्राम पडद्याकडे आपल्यासारखाच ‘पाहतो’ आणि वाचतो. मुळात तसे नाही. पडद्यावर जे जे काही दिसते, त्याची एक यादी संगणकाच्या आत तयार असते. यादीतील प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: तिचे नाव, तिचा प्रकार आणि तिची सध्याची स्थिती. पडदावाचक ही यादी मागून घेतो आणि एकेक नोंद वाचत जातो. “पाठवा, बटण.” “मला मान्य आहे, चौकट, खूण केलेली नाही.” हा मजकूर मग आवाज तयार करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे जातो. तो शब्दांचे उच्चार ठरवतो आणि ध्वनी निर्माण करतो. सवय झालेले लोक हा आवाज इतक्या वेगात ऐकतात, की तुम्हांआम्हांला त्यातले एक अक्षर कळू नये.

आता गोम कोठे आहे ते पाहा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने बटणावर नुसता बाणाचे चित्र काढले आणि त्याला नाव द्यायचे तो विसरला, तर पडदावाचक म्हणतो, “बटण”. कसले बटण, ते त्याला ठाऊक नसते. अशी पाच बटणे एकापुढे एक आली, तर काय करायचे? एखाद्या कचेरीत पाच दारे आहेत आणि एकावरही पाटी नाही, अशी ती अवस्था होते. नाव द्यायला लिहिणाऱ्याला काही सेकंद पुरले असते.

ज्यांना ऐकूही येत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी ब्रेल दाखवणारी पट्टी असते. तिच्यात बारीक खुंट्यांच्या ओळी असतात. पडद्यावरील अक्षराप्रमाणे काही खुंट्या वर येतात, काही खाली राहतात, आणि बोट फिरवून मजकूर वाचता येतो. या खुंट्या हलवण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर तुम्ही पाहिला असेल. खटका दाबला, की आतील एका विशिष्ट पदार्थावर दाब येतो, वीज निर्माण होते आणि ठिणगी पडते. ब्रेलच्या पट्टीत याच्या उलट घडते. त्याच जातीच्या पदार्थाच्या चिमुकल्या पट्टीला वीज दिली, की ती किंचित वाकते आणि खुंटीला वर ढकलते. दाबापासून वीज आणि विजेपासून हालचाल, असा हा दुहेरी गुणधर्म आहे.

अक्षर आणि अक्षराचे चित्र

आता फोटोतली सूचना फोनला का वाचता येत नाही, या मूळ प्रश्नाकडे वळू.

संगणकाला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या पद्धतीस युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती 1991 साली निघाली. तिच्यात ‘क’चा क्रमांक 2325 आहे, ‘ख’चा 2326 आणि ‘ग’चा 2327. तुम्ही ‘क’ टंकित केलात, की यंत्रात 2325 हा आकडा साठवला जातो. तो कोणत्याही फोनवर गेला तरी ‘क’च राहतो.

फोटोत असे काही नसते. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत 1 कोटी 20 लाख रंगीत ठिपके असतात. त्यांपैकी काही ठिपके मिळून ‘क’चा आकार होतो, हे आपल्या डोळ्यांना कळते. यंत्रापाशी मात्र नुसते ठिपक्यांचे रंग असतात. 2325 हा आकडा त्यात कोठेही नसतो. अक्षर निराळे आणि अक्षराचे चित्र निराळे, हा भेद नीट लक्षात ठेवा.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाईसाठी पुष्कळ फाँट निघाले. त्यांत युक्ती अशी होती, की इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. 100 हा क्रमांक खरा इंग्रजी लहान ‘डी’चा. फाँट करणाऱ्याने त्या जागी ‘क’चा आकार काढून ठेवला, तर पडद्यावर आणि कागदावर उत्तम ‘क’ दिसतो. पण यंत्राच्या पोटात ‘डी’च असतो, आणि पडदावाचक प्रामाणिकपणे ‘डी’ म्हणतो! ‘दिवस’ हा शब्द लिहिताना अशा बऱ्याच फाँटांत आधी वेलांटी आणि मग ‘द’ साठवला जातो, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी ‘द’ आणि नंतर वेलांटी असते. म्हणजे जसा उच्चार, तसाच क्रम. मराठी भाषा जशी बोलली जाते तशी ती साठवली, तरच यंत्राला ती बोलता येणार, हे उघड आहे.

मजा अशी, की अशा जुन्या फाँटातली प्रश्नपत्रिका दिसायला अगदी स्वच्छ असते. डोळस माणसाला तिच्यात काहीच खोट दिसत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याला मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ ऐकू येतो. आजही असे फाँट कित्येक ठिकाणी वापरात आहेत.

एक कळ आणि छत्तीस घरे

दृष्टी शाबूत आहे, पण हातपाय हलत नाहीत, अशा माणसाने संगणकावर लिहायचे कसे? स्टीफन हॉकिंग या विख्यात शास्त्रज्ञाचे उदाहरण तुम्हांला ठाऊक असेल. मज्जातंतूंच्या विकाराने त्यांचे शरीर हळूहळू निकामी होत गेले. 1985 साली घशावर कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचा आवाजही गेला. त्यानंतर 2018 मध्ये निधन होईपर्यंत ते संगणकाच्या साहाय्यानेच बोलत होते. सुरुवातीला ते हातातील एक कळ दाबत. पुढे हातही चालेना, तेव्हा चष्म्याला लावलेल्या अवरक्त संवेदकाने गालाची हालचाल टिपली जाऊ लागली. एक स्नायू, एक हालचाल, आणि तेवढ्यावर व्याख्याने व पुस्तके!

यामागील गणित तुम्ही स्वतः करून पाहा. पडद्यावर 6 ओळी आणि प्रत्येक ओळीत 6 घरे, अशी 36 अक्षरे मांडली आहेत. संगणक एकेका घरावर प्रकाश टाकत जातो आणि हवे ते अक्षर उजळले, की माणूस कळ दाबतो. अशा रीतीने शेवटच्या अक्षरासाठी 36 पावले लागतील आणि सरासरी साडेअठरा. आता पद्धत बदलू. आधी संपूर्ण ओळी एकेक करून उजळतील. हवी ती ओळ आली, की कळ दाबायची. मग त्या ओळीतील घरे उजळतील, आणि पुन्हा कळ दाबायची. आता जास्तीत जास्त 12 पावले लागतील आणि सरासरी अवघी 7. यंत्र तेच, कळ तीच. नुसत्या मांडणीने काम निम्म्याहून कमी झाले!

त्यापुढे जाऊन वारंवार येणारी अक्षरे सुरुवातीच्या घरांत ठेवली, तर आणखी वेळ वाचतो. मराठीत कोणती अक्षरे अधिक येतात? आपल्या पाठ्यपुस्तकातील एक पान घ्या आणि मोजा. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. पुढला शब्द अगोदरच सुचवणे, ही युक्तीही हॉकिंग यांच्या संगणकात होती. आज तुमच्या आमच्या फोनवर लिहिताना पुढचे शब्द सुचवले जातात ते याच तत्त्वावर.

थोड्यांसाठी केलेले सर्वांच्या कामी

इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते. इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री याने 1808 च्या सुमारास एका अंध स्त्रीला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत म्हणून एक यंत्र केले. टंकलेखन यंत्राच्या पूर्वजांत त्याची गणना होते. पुढच्याच वर्षी, 1809 मध्ये, फ्रान्समध्ये लुई ब्रेल जन्मला. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यातील हत्याराने त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि अखेर दोन्ही डोळे गेले. शार्ल बार्बिए याने अंधारात वाचण्यासाठी 12 ठिपक्यांची एक लिपी केली होती. 12 ठिपके एका बोटाच्या टोकाखाली मावत नाहीत, ही तिची अडचण ब्रेलने ओळखली आणि ते 6 वर आणले. तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याएवढाच. 6 ठिपक्यांपासून किती निरनिराळ्या खुणा होतात? प्रत्येक ठिपका एकतर आहे किंवा नाही. म्हणून 2 चा सहावा घात, 64. त्यांतील एक कोरी सोडली तर 63. याच 6 ठिपक्यांत 1951 पासून भारती ब्रेलच्या रूपाने आपल्या भाषाही लिहिल्या जातात.

1976 साली अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी छापील पुस्तक मोठ्याने वाचणारे यंत्र तयार केले. सपाट काचेवर पान ठेवून त्याचे चित्र घ्यायचे, त्यातील अक्षरे ओळखायची आणि ती बोलून दाखवायची, अशी तीन कामे त्यात एकत्र आणली होती. ते अंधांसाठी होते. आज त्यातील प्रत्येक गोष्ट बँकांत, कचेऱ्यांत आणि आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

काही शंका आणि त्यांची उत्तरे

पहिली शंका अशी, की मूठभर लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला? 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात 2 कोटी 68 लाख व्यक्ती अपंग असल्याची नोंद झाली. ही मूठ फार मोठी आहे! शिवाय तुमच्या आजोबांना फोनवरची अक्षरे मोठी करून हवी असतात. हात मोडून गळ्यात बांधलेला खेळाडू बोलून संदेश लिहितो. आज आपल्याला न लागणारी सोय उद्या लागणार नाही, असे कोणी सांगावे?

आणि हा प्रश्न दयेचा मुळीच नाही, हक्काचा आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे, आणि संगणक व फोनवरून मिळणारी माहितीही त्यांना वापरता आली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. बँकेच्या कामासाठी ओळख पटवताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करावी लागते. ज्यांना ती करता येत नाही, त्यांनी काय करावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. अशा सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी दिला.

दुसरी शंका चतुर विद्यार्थ्यांची असेल. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता फोटोतील अक्षरेही ओळखते, मग टंकित करण्याचे कष्ट कशाला? खरे आहे, ओळखते, आणि जेथे दुसरा उपाय नाही तेथे तिचा उपयोग मोठा आहे. पण हस्ताक्षर वेडेवाकडे असेल, फोटो तिरका किंवा अंधुक असेल, तर ती चुकते. वेळापत्रकाच्या रकान्यांत गणिताची तारीख विज्ञानासमोर जाऊन बसू शकते. तुम्ही डोळ्यांनी ताबडतोब चूक पकडाल, पण जो ऐकून वाचतो तो कशाने पकडणार? परीक्षेच्या तारखेत एक आकडा चुकला तर वर्षाचे नुकसान. लिहिणाऱ्याच्या हातात बिनचूक मजकूर असताना तो बिघडवून पाठवायचा आणि वाचणाऱ्याने यंत्राकरवी तो दुरुस्त करून घ्यायचा, हा उलटा न्याय झाला.

तिसरी शंका अशी, की फोन बोलू लागला, मग ब्रेल शिकायचे कशाला? येथे मी यंत्राच्या भक्तांना जरा थांबवीन. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. कानांनी ऐकताना यांतला फरक किती जणांना कळेल? केवळ ऐकून शिकणाऱ्याला ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हे आणि गणितातील मांडणी यांची नीट ओळख होणे कठीण आहे. बोटांखाली अक्षर यावे लागते. म्हणून फोन आहे ना, असे म्हणून ब्रेलची पुस्तके बंद करणे योग्य होणार नाही. एक साधन दुसऱ्याला पूरक असते.

मग आपण काय करावे?

नवा शोध लावण्याची गरज नाही. पाच साध्या सवयी पुरेत.

एक: सूचना युनिकोड मराठीत टंकित करून पाठवावी. आजच्या फोनवरचा मराठी कळफलक युनिकोडच वापरतो, त्यामुळे वेगळे काही शिकावे लागत नाही. फोटो पाठवणे भागच असेल, तर त्याखाली दोन ओळींत मजकूर लिहावा.

दोन: चित्राचे वर्णन लिहावे. ‘सहलीचा फोटो’ हे वर्णन नव्हे. ‘किल्ल्याच्या दरवाजासमोर आठवीचा वर्ग उभा आहे, पाऊस पडतो आहे आणि सर्वांच्या डोक्यावर एकच मोठी ताडपत्री आहे’ हे वर्णन.

तीन: केवळ रंगावर विसंबू नये. ‘लाल रंगातील प्रश्न सोडवा’ असे लिहिले, तर तांबडा आणि हिरवा रंग वेगळा न ओळखणारा विद्यार्थी अडतो, आणि दृष्टिहीन विद्यार्थीही. ‘तारांकित प्रश्न’ म्हणा, की काम झाले.

चार: संगणकावर लांब मजकूर लिहिताना शीर्षकासाठी असलेली सोय वापरावी. नुसती अक्षरे ठळक केली, तर ते शीर्षक आहे हे पडदावाचकाला कळत नाही. खरे शीर्षक दिले, तर ऐकणारा एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. नाहीतर 40 पानांचे टिपण त्याला पहिल्या शब्दापासून ऐकत बसावे लागते.

पाच: चित्रफितीवर बोलण्याची अक्षरे द्यावीत, म्हणजे कर्णबधिर विद्यार्थ्यांनाही ती समजेल. आणि शिक्षकांना एक नम्र विनंती: फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओठ पाहून समजून घेणारा विद्यार्थी तेवढा वेळ वर्गाबाहेरच असतो. या साधनाला तर वीजही लागत नाही!

शेवटी एक प्रयोग. घरातील मोठ्या माणसांना विचारून फोनमधील टॉकबॅक सुरू करा. तो बंद कसा करायचा, हे आधी नीट पाहून ठेवा. तो चालू असताना एकदा स्पर्श केला, की वस्तूचे नाव ऐकू येते आणि लागोपाठ दोनदा केला, की ती उघडते. आता पडद्यावर रुमाल टाका आणि तुमच्या वर्गाच्या गटातील शेवटच्या दहा सूचना ऐकण्याचा प्रयत्न करा. दहांपैकी किती समजल्या? तो आकडा वहीत लिहा आणि गुरुजींना दाखवा. मात्र एक ध्यानात ठेवा: पाच मिनिटे रुमाल टाकल्याने दृष्टिहीन माणसाचे जीवन कळत नाही. ते लोक ही साधने तुमच्याआमच्यापेक्षा कितीतरी सफाईने वापरतात. या प्रयोगात परीक्षा त्यांची नाही. आपण लिहिलेल्या सूचनांची आहे.

सूचनावही फिरवणाऱ्या शिपाईमामांना यातले काही ठाऊक नव्हते. पण त्यांनी आणलेली सूचना वर्गातील प्रत्येकापर्यंत पोचत होती. आपल्या हातात त्या वहीपेक्षा कितीतरी समर्थ साधन आहे. त्यातून निदान तेवढे तरी साधले पाहिजे, असे तुम्हांला वाटत नाही काय? वाटत असेल, तर उद्याची पहिली सूचना तुम्हीच टंकित करा.